धडधाकट माणसाच्या रक्तातला जंत

हत्तीपाय हा रोग नागपूर भागात कोणाला नवा नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. एखाद्याचा पाय सुजून खांबासारखा होतो. कातडी जाड आणि खरखरीत होते. पायात चप्पल जात नाही. माणूस बाजारात जायला लाजतो. असा पाय दुरूनही ओळखू येतो.

पण या धड्यात आम्ही सुजलेल्या पायाविषयी थोडेच सांगणार आहोत. ज्याचे दोन्ही पाय चांगले आहेत, जो नांगर धरतो, पोते उचलतो, भाकर पोटभर खातो, त्या माणसाविषयी आम्हाला सांगायचे आहे. कारण हत्तीपायाचा जंत अशा धडधाकट माणसाच्या अंगातही राहतो. वर्षानुवर्षे राहतो. माणसाला त्याचा पत्ता नसतो.

सरकारी माणसे गावात गोळ्या घेऊन येतात, तेव्हा हाच माणूस म्हणतो, "मले तर काहीच नाही झालं. मंग गोळी कायले खाऊ?"

प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ या.

जंत कसा असतो?

जंत पुष्कळ जातींचे असतात. पोटातला मोठा गोल जंत आपण मुलांच्या शौचात पाहिलेला असतो. हत्तीपायाचा जंतही गोल जंतांच्याच कुळातला आहे, पण तो पोटात राहत नाही आणि शौचावाटे बाहेर पडत नाही. त्यामुळे तो कधी आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

तो दोऱ्यासारखा पांढरा आणि बारीक असतो. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते. नर तिच्या निम्म्याहून लहान असतो. आपल्या अंगात रक्ताच्या नळ्या असतात, तशा दुसऱ्याही बारीक नळ्या असतात. त्यांतून पाण्यासारखा रस वाहतो. त्याला लसिका म्हणतात. अंगात साचलेले जादा पाणी या नळ्या परत रक्तात नेऊन सोडतात. जंताचे घर याच नळ्यांत असते.

पायाला काटा लागून पिकला की जांघेत गाठ येते. तिला कोणी अवधाण म्हणतात. ती गाठ याच नळ्यांच्या वाटेवरची चौकी आहे. जंत या चौक्यांच्या आसपास ठाण मांडतो. नळ्या हळूहळू फुगतात आणि निकामी होतात. मग अंगातले पाणी वर चढत नाही. ते पायात साचते. पुरुषांच्या अंडकोशातही साचते. त्याला अंडवृद्धी म्हणतात.

मोठा जंत ६ ते ८ वर्षे जगतो. तेवढ्या काळात मादी लाखो पिल्ले टाकते. पिल्लू इतके लहान असते की ते पाहायला सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. ही पिल्ले रक्तात फिरतात.

डास कसा मधे येतो?

माणसाच्या रक्तात अशी पिल्ले असतात हे १८७२ साली कोलकात्यात डॉ. टिमथी लुइस यांनी दाखवले. पुढे १८७७ साली चीनमधील अमॉय या बंदरात डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी शोधून काढले की, डास माणसाचे रक्त पितो तेव्हा ही पिल्ले त्याच्या पोटात जातात आणि तिथे वाढतात.

आपल्याकडे हे काम क्यूलेक्स जातीचा डास करतो. तो घाण पाण्यात वाढतो. नाली, सांडपाण्याचा खड्डा, संडासाची उघडी टाकी ही त्याची घरे. शहरात नाले आहेत, खेड्यात घरामागची डबकी आहेत. दोन्हीकडे त्याची सोय होते.

डासाच्या पोटात गेलेले पिल्लू साधारण १० ते १४ दिवसांत तयार होते. मग तो डास दुसऱ्या माणसाला चावला की पिल्लू त्याच्या अंगात शिरते. तिथे मोठे व्हायला त्याला काही महिने लागतात. एखाद्या चाव्याने हा रोग सहसा जडत नाही. वर्षानुवर्षे फार चावे बसावे लागतात. म्हणून पुष्कळांना लागण लहानपणी होते आणि पाय सुजतो तो चाळिशीत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. डास हा जंत जन्माला घालत नाही. तो फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. ज्याच्या रक्तात पिल्ले आहेत असा माणूस गावात नसेल, तर डासाजवळ नेण्यासारखे काही उरत नाही. आणि ज्याचा पाय फार जुना सुजलेला आहे, त्याच्या रक्तात बहुधा पिल्ले नसतात. पिल्ले असतात ती जास्त करून धडधाकट दिसणाऱ्यांच्या रक्तात.

म्हणजे लोक ज्याला पाहून बाजूला सरकतात, त्याच्यापासून धोका थोडा. ज्याच्या खांद्याला खांदा लावून आपण बसतो, त्याच्याकडूनच डास जंत नेत असतो. यात त्याचाही दोष नाही. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसते.

रक्त रात्री का घेतात?

आरोग्य खात्याची माणसे रात्री आठ-नऊनंतर घरी येतात आणि बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतात. पुष्कळांना याचा राग येतो. "दिवसा नाही जमत का तुमाले?" असे ते विचारतात.

दिवसा जमत नाही. कारण ही पिल्ले दिवसा फुप्फुसांच्या बारीक नळ्यांत दडून बसतात. रात्री १० ते २ च्या सुमारास ती अंगभर रक्तात उतरतात. क्यूलेक्स डास रात्रीच चावतो. म्हणून पिल्लांनी आपली वेळ डासाच्या वेळेशी जुळवलेली आहे.

आता दिवसाही करता येईल अशी एक पट्टी निघाली आहे. जिवंत मोठ्या जंताच्या अंगातून काही अंश रक्तात झिरपतात. बोटाच्या रक्तातले ते अंश ही पट्टी १० मिनिटांत दाखवते.

अंगातली जागल

आता आपण या धड्यातल्या मुख्य गोष्टीकडे येऊ. जंत अंगात असताना शरीर काय करते?

पीक भरात आले की रानडुकरे शिरू नयेत म्हणून आपण शेतात जागलीला जातो. मचाण बांधतो, शेकोटी करतो, डबे वाजवतो. शरीरही अशीच जागल करते. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या अंगाचे राखणदार. परके काही शिरले की त्या त्यावर तुटून पडतात.

या राखणदारांत अनेक जाती आहेत. एका जातीला इओसिनोफिल म्हणतात. इओसिन नावाचा तांबडा रंग घातला की या पेशी लाल दिसतात, म्हणून हे नाव पडले. निरोगी माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत त्या साधारण चार-पाचपर्यंत असतात. अंगात जंत शिरला की त्यांची संख्या वाढते. जंत मोठा असतो, त्याला गिळता येत नाही. म्हणून या पेशी त्याला चिकटतात आणि त्याच्यावर जहाल रस सोडतात.

शरीर दुसरेही एक हत्यार बनवते. त्याला प्रतिपिंड म्हणतात. प्रत्येक शत्रूसाठी वेगळे प्रतिपिंड असते, जशी प्रत्येक कुलपाची वेगळी किल्ली. जंतासाठी जी प्रतिपिंडे बनतात, त्यांतल्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. एकीचे नाव आयजीई. ती राखणदारांना चेतवते. दुसरीचे नाव आयजीजी-४. ती पहिलीला आडवी येते आणि राखणदारांना थंड करते. नावे अवघड आहेत. ती विसरलात तरी चालेल. एक चेतवणारी आणि एक थंड करणारी, एवढे ध्यानात ठेवा.

जागल करणारा गप्प का बसतो?

येथे जंताची लबाडी दिसते. दहा सेंटिमीटरचा जिवंत प्राणी अंगात सहा-आठ वर्षे राहतो आणि शरीर त्याला हाकलून देत नाही. असे कसे होते?

शास्त्रज्ञांनी पुष्कळ लोकांचे रक्त तपासून याचा शोध घेतला. ज्यांच्या रक्तात पिल्ले फिरत होती, पण जे अगदी धडधाकट होते, त्यांच्या रक्तात ती थंड करणारी जात फार वाढलेली आढळली. 'पुरे करा, शांत व्हा' असा निरोप देणारे पदार्थही त्यांच्या रक्तात जास्त होते. म्हणजे जंताने जागल करणाऱ्याला गुंगी आणली होती. डुकरे पिकात आहेत, पण डबे वाजत नाहीत. म्हणून ताप नाही, सूज नाही, दुखणे नाही.

काही लोकांत याच्या उलट होते. राखणदार फार चिडतात. पिल्ले फुप्फुसांत गेली की तिथेच त्यांना मारतात. मग रक्तात इओसिनोफिल पेशी कितीतरी पटींनी वाढतात. माणसाला रात्री कोरडा खोकला येतो आणि दम लागतो. लोकांना वाटते दमा झाला. खरे कारण तो जंत असतो. असा खोकला असेल तर डॉक्टरांना रक्त तपासायला सांगावे.

सेवाग्रामला काय पाहिले?

हे काम काही फक्त परदेशात झाले नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी ती उभी केली. तिथल्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षे काम केले. आपल्याच वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांचे रक्त त्यांनी तपासले.

त्यांनी लोकांचे गट पाडले. पहिला गट पाय किंवा अंडकोश सुजलेल्यांचा. दुसरा गट रक्तात पिल्ले असलेल्यांचा. तिसरा गट रोगाच्या मुलखात राहणाऱ्या, पण काहीच दिसत नसलेल्या लोकांचा. या तिसऱ्या गटातल्या माणसांचे पाय चांगले होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लूही दिसत नव्हते. तरी त्यांतल्या काहींच्या रक्तात जंताच्या खुणा सापडल्या.

यावरून एक गोष्ट शिकता येते. 'मी निरोगी आहे' हे आपण डोळ्यांनी ठरवतो. रक्त कधी कधी वेगळे सांगते.

पण रक्ताची खूणही नीट वाचावी लागते. अक्षर ओळखीचे नसेल तर वाचणारा चुकतो, तसेच हे आहे. म्हणून तीन खुणा वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली, इओसिनोफिल पेशी वाढणे. याने जंताचा संशय येतो, पण खात्री होत नाही. पोटातल्या जंतांनी, दम्याने किंवा अंगावर पित्त उठण्यानेही त्या वाढतात.

दुसरी, प्रतिपिंडे सापडणे. याचा अर्थ शरीराची या जंताशी कधीतरी गाठ पडली आहे. जंत आज आहे की मेला, हे एवढ्यावरून ठरत नाही.

तिसरी, जंताचे अंश किंवा पिल्ले सापडणे. अंश सापडले तर मोठा जंत अंगात आहे. पिल्ले सापडली तर डास त्या माणसाकडून जंत दुसऱ्याकडे नेऊ शकतो.

दुखत नाही, मग बिघडले काय?

कोणी म्हणेल, "जंत गप, शरीरही गप. मंग भांडण कायले लावता?"

भांडण नसले तरी नुकसान चालूच असते. १९९४ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरात डॉक्टरांनी काही पुरुषांची सोनोग्राफी केली. अंडकोशाजवळच्या नळ्यांत जिवंत जंत वळवळताना पडद्यावर दिसले. ज्यांना काहीच दुखत नव्हते, अशांच्याही नळ्या फुगलेल्या होत्या. काहीच न वाटणाऱ्या माणसांच्या मूत्रपिंडांनाही या जंतामुळे इजा पोचते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुसरे असे की, गुंगलेला राखणदार दुसऱ्या कामातही कमी पडतो. २००४ साली चेन्नईच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट लोकांना धनुर्वाताची लस दिली. ज्यांच्या रक्तात पिल्ले होती, त्यांच्या शरीराने लसीला तेवढे जोरदार उत्तर दिले नाही. याचा अर्थ लस घेऊ नये असा नाही. लस घ्यावीच. पण जंत आपल्या घरात राहून दुसऱ्या चोरालाही दार मोकळे करतो, हे समजून असावे.

गोळ्या कोणत्या?

जुने औषध डीईसी. ते १९४७ पासून वापरात आहे. आंध्रात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत ज्या मंडळींना घेऊन काम केले, त्यांच्या हातून ते निघाले. ते रक्तातली पिल्ले मारते. दुसरे औषध अल्बेंडाझोल. त्याने पोटातले जंतही जातात. तिसरे आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून ते मिळाले. त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही तिन्ही औषधे एकत्र दिली तर गुण जास्त येतो. पापुआ न्यू गिनी या देशात याची परीक्षा झाली. २०१८ साली तिचा निकाल छापून आला. तीन औषधे एकदाच घेतलेल्या शंभरांतल्या सुमारे ९६ जणांच्या रक्तात वर्षानंतर पिल्ले नव्हती. दोनच औषधे एकदा घेतलेल्यांत हा आकडा सुमारे ३२ होता. आपल्या देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत तीन औषधे एकत्र द्यायला सुरुवात झाली, त्यांत नागपूर होते. तिथे जानेवारी २०१९ मध्ये हे काम सुरू झाले.

गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. डीईसी वयाप्रमाणे आणि आयव्हरमेक्टिन उंची मोजून देतात. अल्बेंडाझोल चावून खावी. गोळ्या वाटणाऱ्या ताईंच्या समोरच घ्याव्या. "मंग घेतो" म्हणून फळीवर ठेवलेली गोळी बहुधा तिथेच राहते. दोन वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे यांना या गोळ्या देत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. बाळंतीण असेल, किंवा कसला आजार असेल, तर ताईंना आधी सांगावे.

गोळी घेतल्यावर ताप का येतो?

येथे पुष्कळ गावांत घोटाळा होतो. चांगला हिंडता-फिरता माणूस गोळ्या घेतो. संध्याकाळी त्याला कणकण येते, डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग गावभर होते, "गोळीनं माणूस आजारी पाडला!" आणि उरलेली माणसे दार लावून घेतात.

आता तुम्हाला याचे कारण कळेल. रक्तातली पिल्ले एकदम मरतात. त्यांच्या मेलेल्या अंगातले पदार्थ रक्तात सुटतात. इतके दिवस गुंगलेले राखणदार खडबडून जागे होतात. तीच ही कणकण. ज्याच्या रक्तात पिल्ले जास्त, त्याला त्रास जास्त. ज्याच्या रक्तात पिल्ले नाहीत, त्याला बहुधा काहीच होत नाही.

म्हणून अशा तापाने गोळी वाईट ठरत नाही. बहुतेक वेळा तो ताप हेच सांगतो की जंत होता आणि गोळी लागू पडली. एक-दोन दिवसांत त्रास जातो. पडून राहावे, पाणी प्यावे, ताईंना कळवावे. त्रास जास्त वाटला तर आरोग्य केंद्रात जावे. अंगावर काढू नये.

मोठा जंत मात्र एका खेपेत हमखास मरत नाही. तो पुन्हा पिल्ले टाकू लागतो. म्हणून सांगतील तितकी वर्षे, दर वर्षी गोळ्या घ्याव्या लागतात.

गावाचा हिशेब

समजा, एका गावात शंभर माणसे गोळी घेण्याजोगी आहेत. नव्वदांनी घेतली. दहा जण म्हणाले, "आमाले काही झालं नाही." त्या दहांत दोघांच्या रक्तात पिल्ले असली तर डासांना तेवढे पुरते. नव्वदांचे कष्ट वाया जाण्याची भीती राहते. जागलीच्या रात्री एकाने कुंपण उघडे टाकले तर डुकरे सगळ्यांच्याच शेतात शिरतात.

सगळ्यांनी मिळून केले तर हा रोग जातो. श्रीलंकेतून तो गेला, असे २०१६ साली जाहीर झाले. थायलंड २०१७ साली आणि बांगलादेश २०२३ साली त्यातून सुटला. तिथेही डास आहेत, नाल्या आहेत, गरिबी आहे.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांनी धीर सोडू नये. गोळीने जुनी सूज उतरत नाही, पण ती वाढू न देणे आपल्या हाती आहे. रोज साबणाने पाय धुवावा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्या. जखम उघडी ठेवू नये. बसताना पाय उंच ठेवावा. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया होते, सरकारी दवाखान्यात विचारावे. आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी त्यांना दूर ठेवू नये. त्यांच्याजवळ बसल्याने हा रोग होत नाही.

आता वाचता येऊ लागले आहे. दवाखान्याच्या कागदावर 'इओसिनोफिल' हा शब्द दिसला तर तो तुम्ही ओळखाल. नाही समजले तर डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारा.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. हत्तीपायाचा जंत अंगात कुठे राहतो?
२. रक्त रात्रीच का घेतात?
३. जुना पाय सुजलेला माणूस आणि धडधाकट दिसणारा माणूस, यांपैकी कोणाच्या रक्तात पिल्ले असण्याचा संभव जास्त? का?
४. गोळी घेतल्यावर एखाद्याला ताप आला तर तुम्ही त्याला काय सांगाल?
५. तुमच्या घरामागे पाणी कुठे साचते? ते वाहते करायला काय करावे लागेल?